अवयव-प्रत्यारोपण, लसिकार्बुद आणि वैद्याची जबाबदारी

पनवेल हे नाव आयुर्वेद व्यवसायातील कोणासही अपरिचित नाही. १८७२ साली वैद्य कृष्णशास्त्री पुराणिक यांनी येथे श्री धूतपापेश्वर औषधी कारखान्याचा पाया घातला आणि तेव्हापासून या गावाचे नाव औषधांच्या वेष्टनांवरून महाराष्ट्राच्या घराघरांत पोहोचले. पनवेलहून गोव्याच्या महामार्गाने दहा-बारा किलोमीटर पुढे गेले की कर्नाळा किल्ल्याचा अंगठ्यासारखा सुळका दिसू लागतो. शिरढोण, तारा आणि कर्नाळ्याच्या पायथ्याच्या लहानमोठ्या वाड्यांतून वैद्यावरील श्रद्धा आजही टिकून आहे. येथील रुग्ण मोठी शस्त्रक्रिया मुंबईस करून घेतो. परंतु घरी परतल्यावर भूक मंदावली, कणकण वाटू लागली किंवा मानेला गाठ आली, की त्याची पावले प्रथम वैद्याकडे वळतात. हा विश्वास आपले भूषण आहे. मात्र याच विश्वासातून आपल्यावर एक नवी जबाबदारी येऊन पडली असून तिची पुरेशी जाणीव आपल्या व्यवसायात अद्याप झालेली नाही, असे आम्हांस वाटते. ही जाणीव आम्हांसही एका चुकीतून झाली. ती चूक वैद्यबंधुभगिनींसमोर मांडल्यावाचून या विषयावर लिहिण्याचा अधिकार आम्हांस पोहोचत नाही.

एक अनुभव

कर्नाळ्याच्या परिसरातील पन्नाशीचे एक गृहस्थ आमच्या चिकित्सालयात आले. मानेच्या डाव्या बाजूस सुपारीएवढी गाठ होती, दुखत नव्हती. सायंकाळी अंगात थोडी कसर येई व अन्नावर वासना नव्हती. नाडी, जिव्हा, मल, मूत्र यांची परीक्षा झाली. "आणखी कोणती औषधे चालू आहेत?" असे विचारता "बीपीच्या गोळ्या आहेत" एवढेच उत्तर मिळाले आणि आम्हीही तेवढ्यावर समाधान मानले. कफमेदोदुष्टीने उत्पन्न झालेली ग्रंथी असा विचार करून कांचनार गुग्गुळ सुरू केला. घरच्या घरी गुळवेलीचा काढाही ते घेत होते. तो चालू ठेवण्यास आम्ही आनंदाने संमती दिली.

पंधरा दिवसांनी ते सपत्नीक आले. गाठ कमी झाली नव्हती; किंचित वाढलीच होती. बोलता बोलता पत्नी म्हणाली, "डॉक्टर, ह्यांची किडनी बदललीय. माझीच दिलीय मी. तुम्हांला ठाऊक आहे ना?"

आम्हांस ठाऊक नव्हते. आम्ही विचारलेच नव्हते. त्यांनी पिशवीतून काढलेल्या पाकिटांत रक्तदाबाच्या गोळ्यांबरोबर टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट आणि प्रेडनिसोलोन होते. सात वर्षांपूर्वी शस्त्रक्रिया झाली होती आणि तेव्हापासून एकही दिवस न चुकता ही औषधे चालू होती.

आमची औषधे तेथेच थांबविली. दिलेल्या कल्पाचे नाव, त्यातील घटकद्रव्ये, मात्रा व कालावधी एका पत्रात लिहून त्यांना त्याच दिवशी प्रत्यारोपण करणाऱ्या तज्ज्ञांकडे धाडले. तेथे संपूर्ण ग्रंथी काढून तपासण्यात आली. ते लसिकार्बुद, म्हणजे लिंफोमा निघाले. रक्तातील टॅक्रोलिमसचे प्रमाणही त्यांच्या नेहमीच्या पातळीहून बरेच चढलेले आढळले. ते आमच्या औषधाने चढले की अन्य कारणाने, हे निश्चयाने सांगता येणार नाही. परंतु 'आमच्या औषधाने नव्हेच' असेही आम्ही म्हणू शकत नाही. प्रतिकारदमन औषधांची मात्रा घटविण्यात आली, रिटुक्सिमॅब देण्यात आले, पुढे केमोथेरपीही झाली. दोन वर्षे लोटली आहेत. गाठ पुन्हा आलेली नाही. मूत्रपिंडाचे कार्य पूर्वीइतके नसले तरी चालू आहे. रुग्ण वाचला, याचे श्रेय आमचे नाही. पंधरा दिवस वाया गेले, हा दोष मात्र आमचा आहे.

स्वकीय आणि परकीय

अवयव-प्रत्यारोपणाचा विषय निघाला की आपल्या सभांतून सुश्रुताचार्यांच्या नासासंधानाचा उल्लेख अभिमानाने होतो आणि तो योग्यच आहे. परंतु तेथे वापरावयाची त्वचा रुग्णाची स्वतःची होती. शरीर स्वकीय धातूचा द्वेष करीत नाही. म्हणून जखम भरून येणे एवढाच प्रश्न उरत असे. दुसऱ्याचा अवयव बसविताना खरी अडचण शस्त्रकर्माची नसून शरीराच्या नकाराची असते. २३ डिसेंबर १९५४ रोजी बोस्टन येथे डॉ. जोसेफ मरे यांनी केलेले मूत्रपिंड-प्रत्यारोपण यशस्वी झाले, याचे कारण दाता व ग्राही हे एकसारखे जुळे भाऊ होते. ज्यांना जुळे भावंड नाही अशांचे काय, या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर मिळण्यास आणखी काही दशके जावी लागली.

आपल्या मुंबईचाही या इतिहासात वाटा आहे. केपटाउन येथे डिसेंबर १९६७ मध्ये डॉ. ख्रिस्तिआन बर्नार्ड यांनी मानवी हृदयाचे पहिले प्रत्यारोपण केले आणि त्यानंतर अवघ्या अडीच महिन्यांत, १६ फेब्रुवारी १९६८ रोजी, के. ई. एम. रुग्णालयात डॉ. पी. के. सेन यांनी भारतातील पहिले हृदय-प्रत्यारोपण केले. रुग्ण काही तासच जगला. तंत्र हाती होते. परंतु शरीराचा नकार दीर्घकाळ शमवील असे विश्वसनीय औषध त्या काळी नव्हते.

ते औषध कोठून आले, हे वैद्यांनी आवर्जून लक्षात घ्यावे. सायक्लोस्पोरिन हे नॉर्वेतील एका पठारावरील मातीत सापडलेल्या बुरशीपासून मिळाले. त्याचा प्रतिकारदमन गुण १९७२ मध्ये ध्यानात आला आणि १९८३ मध्ये अमेरिकेत त्यास मान्यता मिळाली. टॅक्रोलिमस हे जपानमधील त्सुकुबा येथील मातीतील सूक्ष्मजीवापासून १९८४ मध्ये हाती आले. मायकोफेनोलेटचे मूळही बुरशीतच आहे. 'नैसर्गिक ते निरुपद्रवी' असे वचन आपल्या व्यवसायात सर्रास उच्चारले जाते. ज्या औषधांच्या तीव्रतेविषयी आपण इतके बोलतो, ती औषधेही मातीतूनच आलेली आहेत. द्रव्याचा गुण त्याच्या उगमावरून ठरत नाही. तो त्याच्या कर्मावरून ठरतो, हा तर आपल्याच शास्त्राचा सिद्धांत आहे.

१९९४ चा मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा फेब्रुवारी १९९५ मध्ये अमलात आला, तेव्हा महाराष्ट्र व गोवा ही तो आरंभीच स्वीकारणाऱ्या राज्यांपैकी होती. आज केवळ मुंबई-पुण्यातच नव्हे, तर नवी मुंबईतही प्रत्यारोपणाच्या शस्त्रक्रिया होतात. परिणामी, प्रत्यारोपण झालेला रुग्ण हा आता वर्तमानपत्रात वाचावयाचा विषय राहिलेला नसून तो आपल्या बाकावर आपला क्रमांक येण्याची वाट पाहत बसलेला असतो.

लसिकार्बुद का उद्भवते?

जगातील बहुतेक प्रौढांच्या शरीरात एपस्टाइन-बार नावाचा विषाणू आयुष्यभर सुप्तावस्थेत वास करतो. १९६४ साली आफ्रिकेतील मुलांच्या जबड्यातील अर्बुदाचा अभ्यास करताना तो प्रथम आढळला. आपल्या देशात बहुसंख्य लोकांना बालपणीच त्याचा संसर्ग होऊन जातो व त्याची जाणीवही होत नाही. हा विषाणू रक्तातील 'बी' जातीच्या लसिकापेशींत दडून राहतो. त्या पेशी बेसुमार वाढू नयेत म्हणून 'टी' जातीच्या पेशी अहोरात्र पहारा देत असतात.

प्रत्यारोपित अवयव टिकावा म्हणून जी औषधे दिली जातात, ती नेमक्या याच पहारेकऱ्यांना निद्रिस्त करतात. अवयवाचे रक्षण होते. परंतु पहारा उठल्यामुळे विषाणुग्रस्त 'बी' पेशींची वाढ कित्येकदा अनिर्बंध होते. आरंभी ही वाढ केवळ ग्रंथिशोथासारखी असते. काही रुग्णांत ती पुढे खऱ्या लसिकार्बुदाचे रूप धारण करते. शस्त्रक्रियेनंतरचे पहिले वर्ष विशेष धोक्याचे असते. ज्या ग्राहीस पूर्वी या विषाणूचा संसर्ग झालेला नसतो व दात्याच्या अवयवातून तो प्रथमच येतो, त्यास धोका सर्वाधिक असतो. म्हणून लहान मुलांत ही व्याधी अधिक दिसते. दुसरा प्रकार उशिराचा. पाच, सात, दहा वर्षांनी उद्भवणाऱ्या अर्बुदांत कित्येकदा विषाणूचा मागमूसही आढळत नाही. 'शस्त्रक्रिया होऊन इतकी वर्षे झाली, आता काय भीती?' हा विचार म्हणूनच घातक आहे.

१९६० च्या दशकाच्या अखेरीस अशा रुग्णांतील लसिकार्बुदांचे पहिले वृत्तांत प्रसिद्ध झाले. डेन्व्हर येथील डॉ. इस्रायल पेन व डॉ. थॉमस स्टार्झल यांनी या नोंदी चिकाटीने जमविल्या. स्टार्झल यांनीच १९८४ मध्ये दाखवून दिले की प्रतिकारदमन औषधे कमी केली वा थांबविली असता यांपैकी काही अर्बुदे मावळतात. आजही उपचारांचा आरंभ याच पायरीपासून होतो. त्यापुढे रिटुक्सिमॅब, केमोथेरपी, आणि अलीकडे, डिसेंबर २०२२ मध्ये युरोपात मान्यता मिळालेला, विषाणूविरुद्ध तयार केलेल्या 'टी' पेशींचा उपचार, अशी साधने उपलब्ध झाली आहेत.

प्रमाणाविषयीही स्पष्ट असावे. अमेरिकेतील १९८७ ते २००८ या काळातील पावणेदोन लाखांहून अधिक प्रत्यारोपणांचा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात हॉजकिनेतर लसिकार्बुदाचे प्रमाण सर्वसामान्य लोकांच्या सुमारे साडेसात पट आढळले. साडेसात पट हा आकडा मोठा वाटतो. परंतु मूळ प्रमाणच अल्प असल्याने मूत्रपिंड-प्रत्यारोपण झालेल्या शंभरांपैकी साधारण एक-दोघांसच ही व्याधी होते. फुप्फुस व आतडे यांच्या प्रत्यारोपणात औषधे अधिक तीव्र द्यावी लागत असल्याने ते प्रमाण वाढते. तेव्हा रुग्णास भयभीत करू नये, आणि आपण बेसावधही राहू नये.

गाठ कशी ओळखावी, आणि कशी समजू नये

सुश्रुताचार्यांनी निदानस्थानाच्या एकाच अध्यायात ग्रंथी, अपची, अर्बुद व गलगंड यांचा विचार केला आहे. या विकारांचे बाह्यरूप परस्परांसारखे भासते व त्यांचा विवेक करणे हेच वैद्याचे काम, असा बोध त्या मांडणीतून आम्ही घेतो. आपल्याकडे मानेची गाठ म्हटली की गंडमाळ, आणि गंडमाळ म्हटली की क्षय, असे समीकरण लोकांच्या मनात आहे. आधुनिक चिकित्सकही क्षयाचा विचार प्रथम करतात. प्रत्यारोपित रुग्णांत क्षयही अधिक होतो, हे खरे. म्हणूनच येथे फसगत होते. सायंकाळचा ज्वर, रात्रीचा घाम, वजन घटणे व न दुखणारी गाठ ही लक्षणे दोन्ही व्याधींत समान असतात. चाचपून, नाडीवरून किंवा केवळ सुईने काढलेल्या पाण्यावरून त्यांचा निवाडा होत नाही. शक्यतो पूर्ण ग्रंथी काढूनच तपासावी लागते. अंदाजाने क्षयाची औषधे सुरू करणे तर दुहेरी धोक्याचे, कारण रिफाम्पिसिन टॅक्रोलिमसची रक्तातील पातळी एकदम खाली आणते आणि अवयवावर संकट ओढवते.

ही व्याधी नेहमी मानेतच दिसते असेही नाही. काखेत किंवा जांघेत अवधाण आल्यासारखी गाठ. मुलांत टॉन्सिल अकस्मात मोठे होऊन घोरणे सुरू होणे. दीर्घकाळचा अतिसार, पोटातील वेदना अथवा मलावाटे रक्त. नव्याने सुरू झालेली डोकेदुखी, झटके वा स्वभावात पडलेला फरक. आणि प्रत्यारोपित अवयवाचेच कार्य अकारण बिघडणे, अशी तिची अनेक रूपे आहेत. आपल्याकडे ग्रहणी, अर्श वा शिरःशूल म्हणून येणाऱ्या रुग्णांत असा एखादा असू शकतो.

एकाच वटीत दोन विरुद्ध दिशा

कांचनार गुग्गुळ हा शार्ङ्गधर संहितेतील कल्प गंडमाला, अपची, ग्रंथी व अर्बुद या विकारांत सांगितला आहे. त्याच्या उपयुक्ततेविषयी आम्हांस शंका नाही. प्रश्न आहे तो या विशिष्ट रुग्णाचा.

टॅक्रोलिमस व सायक्लोस्पोरिन यांचा पचनमार्ग ठरलेला आहे. यकृत व आतड्यातील एक किण्व त्यांचे विघटन करते आणि आतड्याच्या भिंतीतील एक वाहक-प्रथिन त्यांना परत बाहेर ढकलते. या दोहोंवर परिणाम करणारे कोणतेही द्रव्य पोटात गेले की औषधाची पातळी बदलते. पिप्पली व मरिच यांतील पिपेरीन या किण्वास व या वाहकास अवरोध करते, हे २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पेशींवरील प्रयोगांत दिसून आले. त्या प्रयोगांत वापरलेल्या औषधांपैकी एक सायक्लोस्पोरिनच होते. इतर औषधांचे शोषण वाढविण्याच्या पिप्पलीच्या गुणाचा अभ्यास जम्मूच्या प्रयोगशाळेत तर फार पूर्वीपासून झालेला आहे. योगवाही म्हणून आपण ज्या गुणाचे कौतुक करतो, तोच गुण येथे विषवत ठरू शकतो. पातळी चढली की मूत्रपिंडास इजा होते, हात थरथरतात, आणि पहारेकरी अधिकच गाढ झोपतात.

उलटपक्षी, गुग्गुळातील गुग्गुलस्टेरोन हे तेच किण्व वाढविण्यास कारणीभूत होते, असे प्रयोगशाळेतील अभ्यास सांगतात. गुग्गुळाच्या सत्त्वाने डिल्टियाझेम व प्रोप्रॅनोलॉल या औषधांचे रक्तातील प्रमाण घटल्याचे निरोगी व्यक्तींवरील एका भारतीय अभ्यासात १९९४ मध्येच नोंदले गेले आहे. टॅक्रोलिमसची पातळी अशी खाली आली, तर शरीर अवयव नाकारू लागते.

आता कांचनार गुग्गुळाची घटकद्रव्ये आठवावीत. त्यात गुग्गुळ आहे आणि त्रिकटूही आहे. म्हणजे एकाच वटीत पातळी चढविणारे व उतरविणारे, अशी दोन्ही द्रव्ये एकत्र नांदतात. एखाद्या रुग्णात कोणते वरचढ ठरेल, हे रक्त तपासल्याविना कोणीही सांगू शकत नाही. मूत्रविकार म्हणून आपण सहज देतो त्या गोक्षुरादि गुग्गुळातही हीच जोडी आहे. सितोपलादि चूर्णात पिप्पली आहे. करोनाच्या साथीत २०२० साली घरोघरी उकळल्या गेलेल्या काढ्यात मिरी होती. हळदीविषयी अमेरिकेतून २०१७ मध्ये एक वृत्तांत आला: यकृत-प्रत्यारोपण झालेल्या रुग्णाने मोठ्या प्रमाणात हळद सेवन केल्यावर टॅक्रोलिमसची पातळी घातक प्रमाणात चढून मूत्रपिंडास इजा झाली. भाजीआमटीतील चिमूटभर हळदीमिऱ्याची ही गोष्ट नव्हे. ती औषधी मात्रेची आहे. फळांतही विवेक हवा. गणपतीच्या दिवसांत कोकणात पपनस घरोघरी येते. पपनसाने टॅक्रोलिमसची पातळी वाढल्याचे जपानमधील वृत्तांत आहेत. ज्येष्ठमधाने स्टेरॉइडचा परिणाम लांबतो, रक्तदाब चढतो व पोटॅशियम घटते.

रसायन कोणास?

व्याधिक्षमत्वाची दोन अंगे चक्रपाणिदत्तांनी सांगितली आहेत: उत्पन्न झालेल्या व्याधीच्या बलास विरोध करणे आणि व्याधीच्या उत्पत्तीसच प्रतिबंध करणे. रसायनचिकित्सेचा हेतू हे सामर्थ्य वाढविणे हा आहे. परंतु ज्या रुग्णात हे सामर्थ्य हेतुपुरस्सर, मोजून-मापून कमी ठेवले आहे आणि त्या उणेपणावरच त्याचा अवयव जगतो आहे, त्यास बल्य रसायन देणे म्हणजे एका हाताने बांधलेली गाठ दुसऱ्या हाताने सोडणे होय.

गुळवेलीचे उदाहरण घ्यावे. कर्नाळ्याच्या रानात व आसपासच्या कुंपणांवर ती विपुल आहे आणि करोनाकाळापासून तिचा काढा घेण्याची प्रथा वाढली. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या अवधीत मुंबईत गुळवेल सेवन केलेल्या सहा रुग्णांत यकृतशोथ आढळल्याचे यकृततज्ज्ञांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केले; त्यात रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच यकृतावर उलटल्यासारखे चित्र होते. रुग्णांनी घेतलेली वनस्पती नेमकी कोणती याची ओळख पटविलेली नाही, असा आक्षेप आयुष मंत्रालयाने घेतला. तो आक्षेप रास्त असून सदृश वेलींची गल्लत होते हे आपण जाणतोच. परंतु या वादाचा निर्णय काहीही लागो, प्रत्यारोपित रुग्णापुरता निष्कर्ष बदलत नाही. जे द्रव्य प्रतिकारशक्ती जागृत करते म्हणून आपण विकतो, ते या रुग्णास देता येणार नाही. अश्वगंधा, वर्धमान पिप्पली व च्यवनप्राश यांनाही हाच न्याय लागू आहे. आपले औषध गुणकारी आहे असे म्हणावयाचे आणि त्यापासून अपाय संभवतच नाही असेही म्हणावयाचे, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकत नाहीत.

औषधविक्रेत्यांस निवेदन

आयुर्वेदीय औषधे तयार करण्यास परवाना लागतो. विक्रीस मात्र ॲलोपॅथीच्या दुकानासारखा परवाना लागत नाही. म्हणजे गिऱ्हाईक व औषध यांच्यामध्ये शेवटचा सुज्ञ मनुष्य दुकानदार हाच होय. 'गाठीवर काही द्या', 'शक्तीचे काही द्या', 'इम्युनिटी वाढविणारे द्या' अशी मागणी दिवसातून कितीदा होते, हे आम्ही सांगावयास नको. अशा वेळी एकच प्रश्न विचारावा: "मूत्रपिंड, यकृत, हृदय असा कोणता अवयव बदललेला आहे का?" गल्ल्याजवळ तशी पाटी लावावी. होकार आला तर औषध देऊ नये व त्यांच्या तज्ज्ञांकडे जाण्यास सांगावे. एका डबीचा नफा जाईल. परंतु पत्नीने, आईने वा एखाद्या अनोळखी कुटुंबाने दुःखाच्या क्षणी दिलेला अवयव त्या डबीहून मोलाचा आहे. जे बंधू ॲलोपॅथीची औषधेही ठेवतात त्यांनी टॅक्रोलिमसची कंपनी आपल्या मनाने बदलून देऊ नये. तसे झाल्यास रक्तातील पातळी पुन्हा तपासावी लागते.

आपण काय करावे

आमच्या चिकित्सालयात आता पुढील नियम पाळले जातात. वैद्यबंधुभगिनींनी त्यांचा विचार करावा.

पहिला नियम प्रश्नाचा. रुग्णपत्रिकेवर नाव व वय यांच्या खालीच 'अवयव-प्रत्यारोपण झाले आहे काय?' हा रकाना छापला आहे. 'कोणती औषधे चालू आहेत' या प्रश्नाचे तोंडी उत्तर आम्ही स्वीकारीत नाही. पाकिटे प्रत्यक्ष पाहतो.

दुसरा नियम गाठीचा. प्रत्यारोपित रुग्णात दोन आठवड्यांहून अधिक टिकलेली गाठ, अकारण ज्वर किंवा वजनातील घट दिसल्यास औषध न देता त्याच आठवड्यात प्रत्यारोपण केंद्राकडे पाठवितो. सोबत पत्र देतो. रुग्णाने आयुर्वेदीय औषध घेतले असल्यास त्यातील प्रत्येक द्रव्य पत्रात लिहितो. संकोचाने ते लपविणे हा रुग्णाशी द्रोह होय.

तिसरा नियम सर्वांत महत्त्वाचा. 'या औषधांनी कर्करोग होतो, ती सोडा' असे शब्द आपल्या मुखातून कदापि निघता कामा नयेत. या लेखाचा असा अर्थ कोणी घेतला तर तो अनर्थ होईल. शंभरांपैकी अठ्ठ्याण्णव-नव्याण्णव जणांस हे अर्बुद होत नाही; औषध मनाने सोडले तर मात्र अवयव जाण्याची भीती प्रत्येकासच आहे. मात्रा घटविण्याचा निर्णय रक्ततपासणी पाहून केवळ प्रत्यारोपणतज्ज्ञांनीच घ्यावयाचा असतो.

चौथा नियम आपल्या मर्यादेतील सेवेचा. मग वैद्याने काहीच करू नये काय? आहाराची वेळ, ताजे व शिजविलेले अन्न, उकळून गार केलेले पाणी, मिठाचा संयम, निद्रा, झेपेल तेवढे चालणे, मनाचे समाधान आणि औषधाच्या वेळेची शिस्त, या गोष्टी सांगण्यास आपल्याइतका अधिकारी कोण? पथ्य हेच जेथे औषध ठरते, तेथे वैद्य निरुपयोगी होत नाही. एखादे द्रव्य द्यावेसे वाटलेच, तर तज्ज्ञांशी आधी बोलून व टॅक्रोलिमसची पातळी तपासण्याची व्यवस्था करूनच द्यावे; ती व्यवस्था होत नसेल तर देऊ नये.

असाध्य व्याधी ओळखून हात आखडता घेणे, यात आपल्या आचार्यांनी कमीपणा मानला नाही. येथे तर व्याधी असाध्य नाही. वेळेवर ओळखली तर बहुधा उपचारांनी आटोक्यात येते. ती ओळखण्याची पहिली संधी पुष्कळदा आपल्याच हाती येते, कारण रुग्ण प्रथम आपल्याकडे येतो. ते गृहस्थ आजही अधूनमधून आमच्याकडे येतात. औषध मागत नाहीत; पथ्याविषयी विचारतात आणि जाताना पत्नी पाकिटांची पिशवी न विसरता आमच्या मेजावर ठेवते. ती पिशवी पहिल्याच दिवशी पाहावयास हवी होती, ही रुखरुख आम्हांस जन्मभर राहील. ती आपल्यापैकी अन्य कोणास लागू नये, एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच.